मरियमचा जुना खेळ

आमच्या डिचोलीच्या घरात चैनीची म्हणून जी वस्तू यायची, ती आधी मस्कतमधल्या एका मुलीने वापरून झालेली असायची. मरियम तिचं नाव. माझ्याच वयाची. तिचे फ्रॉक मला खांद्यात सैल व्हायचे आणि बूट मात्र बोटांना चावायचे, त्यावरून मी मनातल्या मनात तिचा एक अंदाज बांधला होता: रुंद खांद्यांची, इवल्या पावलांची मुलगी. माझी आई त्यांच्या घरी राहून तिला सांभाळायची. सकाळी तिला उठवायची, तिचे केस विंचरायची, शाळेतून आली की तिच्यापुढे ताट ठेवायची. रविवारी शेजारच्या वहिनींच्या घरी आईचा फोन यायचा, तेव्हा ती यातलं काहीच सांगायची नाही. "जेवलंस? अभ्यास करतंस मां?" एवढं विचारायची, आणि मी "हो" म्हणेपर्यंत मागे कुणीतरी तिला हाक मारायचं. फोन ठेवला की वहिनी हसून म्हणायच्या, "तुझी आवय थंय दुसऱ्याच्या चेडवाची आवय झाली गो." माझी आई दुसऱ्याच्या मुलीची आई झाली, यावर मीही हसायचे. हसण्यावारी नेलं की विषय लवकर संपतो, हे मी फार लवकर शिकले.

आई गेली ती बाबांच्या पायामुळे. आम्ही मूळचे दोडामार्गकडचे. खनिजाच्या मागे बाबा डिचोलीला आले आणि खाणीवर टिपर चालवू लागले. एका पावसाळ्याच्या तोंडावर नदीवरच्या धक्क्याच्या उतारावर त्यांचा ट्रक कलंडला आणि मांडीचं हाड मोडलं. बाबा खाटेवर, मी चौथीत. म्हापशातल्या एका ओळखीच्या बाईने मस्कतची जागा सांगितली आणि आई "दोन वर्सां, बस्स" म्हणत निघून गेली. बाबांचा पाय सांधला, लंगडत का होईना ते पुन्हा ट्रकवर चढले, पण आईची दोन वर्षं संपली नाहीत. एक माणूस बाहेर पडलं की घर त्याच्यावाचून उभं राहायला शिकतं, आणि मग ते परत यावं म्हणून कुणी जोर लावेनासं होतं. हे मला आज म्हणता येतं. तेव्हा मी फक्त दिवाळी आली की विचारायचे, आणि बाबा म्हणायचे, "फुडल्या वर्सा."

आईच्या जागी आते आली. बाबांची ही थोरली बहीण कोरगावात दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती मोठ्या आवाजात बोलायची आणि त्याहून मोठ्या आवाजात भांडी घासायची, म्हणून ती असताना घर भरल्यासारखं वाटायचं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती मला दारात पिटाळायची. मी गरम उंडे, ते गोल कडक पाव, फडक्यात बांधून आणायचे आणि आम्ही ते चहात बुडवून खायचो. तेवढ्यात पहिला ट्रक जायचा. मग दुसरा. मग दिवसभर त्यांची रांग. घर रस्त्याला लागून होतं. प्रत्येक ट्रकाबरोबर फडताळातली कपबशी किणकिणायची आणि खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ बसायची. आते ओल्या फडक्याने पुसायची आणि पुसून होईतो पुन्हा बसायची. आमच्याकडे पांढरं असं काही नव्हतंच. माझा शाळेचा ब्लाऊज तांबूस, उशांचे अभ्रे तांबूस, बाबांच्या पापण्यासुद्धा तांबूस. दुपारी पेज, सुका बांगडा भाजलेला आणि बरणीतली तोर, मिठात मुरलेली कैरी. पण काजूचे दिवस आले की आतेला कोरगावला जावं लागायचं. तिच्या वाटणीचा काजूचा उतार होता, तो तिच्यावाचून कोण वेचणार? ती गेली की घरातला आवाज एकदम बंद व्हायचा. बाहेरच्या ट्रकांचा तेवढा उरायचा.

आईच्या पहिल्या रजेत तो खेळ आला. बॅग उघडली तेव्हा फ्रॉकांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेला एक करडा डबा निघाला. त्याला दोन वायरी, त्यांच्या टोकाला बटणं असलेले दोन कंट्रोलर, आणि वर खुपसायची एक जाड कॅसेट. मरियमला नवीन आला होता म्हणून हा जुना मला. "खेळ गो," आई म्हणाली, "तुझो वेळ जायत." वेळ जाईल असं ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं, माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी वेळ भरपूर होता. आमच्या छोट्या रंगीत टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर लावून, बटण फिरवत फिरवत मी चित्र शोधलं. आईला त्यात रस दिसला नाही. ती महिनाभर घर झाडत होती, गोधड्या धूत होती, बाबांच्या पायाला तेल चोळत होती, आणि एक दिवस परत गेली.

तो छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. आज त्याचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे; आम्ही त्याला नुसतं "गाडये" म्हणायचो. बुटक्या, उघड्या गाड्या, त्यात बसलेले गमतीदार प्राणी आणि माणसं, आणि एकमेकांच्या वाटेत केळ्याची सालं टाकत चाललेली पळापळ. रस्ता अगदी सपाट, चटईवर काढल्यासारखा. गाडी वळली की आपण वळत नाही, सगळी चटईच आपल्या भोवती फिरते. कडेवरून पाण्यात पडलं तर ढगावर बसलेला एक जण मासे धरायचा गळ टाकून आपल्याला वर काढायचा. हे मला फार आवडायचं. कधी कधी मी मुद्दाम पडायचे. पण सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे, एकटं खेळलं तरी पडद्याचे दोन भाग व्हायचे. वरच्या अर्ध्यात माझी गाडी, आणि खालच्या अर्ध्यात, जिथे दुसरा खेळणारा असायला हवा, तिथे रस्त्याचा नकाशा. त्या नकाशावर मी एक ठिपका होऊन फिरायचे. दुसरा कंट्रोलर मी नीट वायर गुंडाळून टीव्हीवर ठेवला होता. शाळेतल्या मैत्रिणी आल्या असत्या, पण आमचं घर रस्त्याच्या पलीकडे, आणि ट्रकांची रांग ओलांडून मुलींना पाठवायला आया तयार नसायच्या. आतेला एकदा बसवलं. तिने पडद्याकडे पाहिलं, कंट्रोलरकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या काय गो? गाडी चलता आणि माणूस आपलो थंयच बसलेलो!" आणि उठून तांदूळ निवडायला गेली.

तर मी एकटी खेळायचे. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं, कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची, कारण तिच्यातसुद्धा तांबडी धूळ जायची, आणि बाबांची चाहूल लागेपर्यंत फिरत राहायचं. खिडकीबाहेर भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत जायचे आणि आत माझी गाडी गुणगुणायची. सगळे रस्ते पाठ झाले. कुठल्या वळणाला किती आधी वळायचं, कुठल्या तेलाच्या डागावरून गाडी घसरते, सगळं. वेग वाढला तसा एकटेपणाही वाढला असं म्हणता येईल. आधी निदान यंत्र चालवत असलेल्या इतर गाड्या माझ्या आसपास असायच्या. मी चांगली खेळू लागले तशा त्या मागे राहिल्या, आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळ्या रस्त्यावर एकटीच.

आज मी पेडण्याला राहते. माझी मुलगी याच खेळाचा अगदी नवा अवतार खेळते, म्हणून त्याची सगळी वंशावळ माझ्या डोळ्यांपुढून गेली आहे. चटईचा रस्ता गेला आणि खरे चढ-उतार आले. मग एका गाडीत दोघं बसू लागले, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून वस्तू फेकायच्या. मग खेळ तळहातावर मावला. मग खरोखरीचं सुकाणू हातात धरून चालवायचा निघाला, मग गाड्या भिंतींवरून आणि छतावरून उलट्या धावू लागल्या, पाण्याखाली गेल्या, पंख पसरून उडाल्या. आता तर शर्यत संपली तरी गाडी घेऊन त्या अख्ख्या जगात वाटेल तिथे भटकता येतं, आणि शर्यतीत गर्दी एवढी की आपली गाडी शोधावी लागते. मुलगी कानाला यंत्र लावून परदेशातल्या कुणाकुणाशी एकाच वेळी खेळते, ओरडते, हसते. तिला मी कधी सांगितलं नाही की तुझी आई याच खेळात पहिली येऊन येऊन कंटाळली होती. सांगितलं तर तिला ती बढाई वाटेल.

मी अकरावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आई दुसऱ्यांदा मोठ्या रजेवर आली. या वेळी टॉवेलात दुसरा डबा होता, काळपट, फुगीर, आणि त्याच्या पुढच्या अंगाला कंट्रोलर जोडायला ओळीने चार भोकं. हासुद्धा मरियमचा जुना. नवीन "गाडये" लावले आणि मी थक्क झाले. रस्ता आता डोंगर चढत होता! वळणावरून खाली दरी दिसत होती, वाळवंटातून रेल्वे आडवी जात होती. चार जण एकदम खेळू शकतील असा पडदा चौकोन चौकोन व्हायचा. अर्थात मी एकटीच असल्याने तो सबंध माझा होता, आणि खाली नकाशाचा अर्धा भागही आता नव्हता. डब्याच्या तीन रिकाम्या भोकांत धूळ जाऊ नये म्हणून मी कापूस घातला.

आई येऊन आठवडा झाला असेल. आते कोरगावला, बाबा ट्रकवर. पावसाआधी जेवढ्या होतील तेवढ्या खेपा मारायच्या म्हणून ट्रक नुसते धावत होते. दुपारची वेळ. आई जमिनीवर बसून मानकुराद आंबे कापत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर खेळत होते. आम्हा दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते कळत नव्हतं, हे आज मान्य करायला हरकत नाही. ती आली की पहिले काही दिवस पाहुणी वाटायची, आणि ओळख होते न होते तोच तिची जायची तयारी सुरू व्हायची. तिने आंब्याची वाटी माझ्यापुढे सरकवली, पदराला हात पुसले आणि पडद्याकडे बघत बसली. मग एकदम म्हणाली, "दुसरो खंय असा?"

"दुसरो काय?"

"कंट्रोलर गो. हाड बघू."

मी पेटीतून दुसरा काढून दिला. तो तिने घेतला नाही. माझ्या हातातला घेतला, ज्याची मधली काडी झिजून सैल झाली होती, आणि नवा कडक मला दिला. "ह्यो माका बरो," म्हणाली. एका भोकातला कापूस मी काढला. दोघींची शर्यत लावली. आईने पडद्याकडे नीट न बघताच जाडजूड माकड निवडलं, मांडी मोडून एक गुडघा वर घेतला आणि शर्यत सुरू झाली.

पहिल्या वळणाला मी तिच्यासाठी हळू केलं. आते आठवत होती ना मला! तर माझ्या बाजूने आईची गाडी एक उडी मारून तिरपी घसरत, वळणाला चाटून पुढे निघून गेली. मी बघतच राहिले. ते घसरणं मला जमायला अख्खा आठवडा लागला होता. मी जोर लावला, तिला गाठलं, तर तिने नेमकं माझ्यापुढे केळ्याचं साल टाकलं आणि मी गरगर फिरले. आई खदखदून हसली. तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिचा एक सुळा बाजूला आहे हेसुद्धा तेव्हा दिसलं. वळण आलं की ती सगळ्या अंगाने वाकायची. मीही वाकू लागले. आमचा खांद्याला खांदा लागत होता. मी हसत होते, ओरडत होते, बाहेर ट्रक जात होते ते मला ऐकूही येत नव्हते. शेवटच्या फेरीत मी तिच्या पुढे गेले, दरीच्या कडेने सुसाट, आणि आई ओरडली, "हळू गो मरियम, फुडे वळण असा!"

मी सरळ दरीत गेले. तो ढगावरचा माणूस गळ टाकून मला वर काढेपर्यंत आईने रेघ ओलांडली होती. तिने दोन्ही हात वर केले, माझ्याकडे वळली, चेहरा नुसता फुललेला. आपण काय बोललो ते तिला कळलंच नव्हतं. "काय झाला गो? पडलंस?" तिने विचारलं.

"पडलंय," मी म्हटलं. कंट्रोलर खाली ठेवला आणि आंब्याची वाटी उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाजारात गेली तेव्हा मी शेजारच्या वहिनींना सांगितलं, कोरगावला आतेकडे जातेय, आणि बस पकडली. एकटीने एवढा प्रवास मी कधी केला नव्हता. म्हापशाला उतरून पेडण्याची बस शोधली, कोलवाळचा पूल गेला, मग पेडण्याहून कोरगावची. मला राग आला होता असं मी तेव्हा समजत होते. पण खिडकीशी बसून मी सारखा एकच विचार करत होते की मरियम आता काय करत असेल. आई महिनाभर इथे, म्हणजे तीही तिथे एकटीच खेळत असणार. तिची कीव यावी असं वाटत होतं आणि येत नव्हती.

आते उतारावर होती. तिने मला झाडांतून येताना पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "एकटांच इलंस?" मी मान हलवली. तिने एक डबा हातात दिला. दिवस मावळेपर्यंत आम्ही काजूचे बोंडू वेचले. पिकलेल्या बोंडवांचा तो आंबूस गोड वास सगळ्या डोंगरावर भरून होता. बोंडू उचलायचा, पिरगाळून बी काढायची, बी डब्यात, बोंडू टोपलीत. हातांना चीक लागला, बोटं काळी पडली. तिथे ट्रक नव्हते. एक पक्षी मध्येच ओरडायचा आणि मग बराच वेळ काही नाही.

सकाळी आई आली. पहिल्याच बसने निघाली असणार. बाबा म्हणाले होते, राहू दे दोन दिवस, येईल आपसूक. पण तिने ऐकलं नाही. तिने आतेशी दोन शब्द बोलून पदर खोचला आणि ती माझ्या शेजारी बोंडू वेचायला लागली. वहाणा काढून ठेवल्या होत्या, आणि पालापाचोळ्यावरून चालताना मस्कतच्या गुळगुळीत फरशीवर मऊ झालेल्या तिच्या तळव्यांना टोचत होतं, हे दिसत होतं. आम्ही दोघी वेचत वेचत पुढे सरकत राहिलो.

"तू माका मरियम म्हटलंस," मी म्हटलं.

"कधी?"

"खेळताना."

तिने हातातल्या बोंडवाची बी पिरगाळली, डब्यात टाकली. नाकारेल असं मला वाटलं होतं. "म्हटला असतला," ती म्हणाली. "तोंडातसून गेला असतला."

"तिका आपली भाषा कळता?"

"कळता. माका दुसरी खंय येता? मी बोलत रवलंय, ता शिकत गेला."

मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने तिथल्या घराविषयी काही सांगितलं, वेचता वेचता, माझ्याकडे न बघता. मोठं घर, सगळ्या खिडक्या बंद, गार हवा. मरियमची आई सकाळी नोकरीला जायची, बाप आठवडे आठवडे तेलाच्या विहिरींवर. "थंय आवाजच नाय गो," आई म्हणाली. "डिचोलीत कानठळ्यो बसतत म्हणान मी कुरकुरायचंय. थंय गेलंय आणि त्या ट्रकांची आठवण येवन रडलंय." भाषा कळत नाही, बाहेर पडायचं नाही, दिवसभर स्वयंपाकघर. संध्याकाळी ती मुलगी कंट्रोलर घेऊन यायची, हाताला धरून ओढायची, कारण तिच्याबरोबर खेळायलाही कुणी नव्हतं. आधी आईला काही जमायचं नाही, ती सारखी पाण्यात पडायची. पण खेळात एक बरं होतं, ती म्हणाली, जो मागे पडतो त्याला चांगली चांगली वस्तू मिळते, म्हणजे अगदीच मागे राहायला होत नाही. हळूहळू हात बसला.

"दिवसभरात माझ्या बाजूक येवन बसणारा तेवढाच एक माणूस," आई म्हणाली. "माका आवडता ता खेळणा. खोटा कित्याक सांगू?"

"आणि मरियम?"

"ता पण आवडता."

"माझ्यापेक्षा?"

तेव्हा ती थांबली. डबा खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिने "नाही" म्हणायला हवं होतं. कुठल्याही आईने म्हटलं असतं. ती म्हणाली, "मरियम कित्याक रडता ता माका ठावक असा. काय खाता, काय टाकता, कोणाक भिता, सगळा ठावक असा. तुझा माका काय ठावक असा गो? इवलासा सोडून गेलंय, आता तू माझ्या खांद्याच्या वर गेलंस. सांग मगे तूच, मी तुझा काय सांगू?" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात चिकाचे, त्यामुळे तिला ते पुसताही येईना. मी माझ्या ओढणीने पुसलं.

मी सांगायला लागले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून खाण्यापासून केली. मला पेज आवडत नाही, आतेला वाईट वाटेल म्हणून खाते. मला गणित येतं, पण भूगोलाच्या बाई आवडतात. शाळेत एकदा चक्कर येऊन पडले होते, ते बाबांनाही माहीत नाही. मला विजांची भीती वाटत नाही, पण घरात कुणी नसताना ट्रक दारापाशी थांबला की वाटते. आई प्रत्येक गोष्टीला "होय?" म्हणायची, नवलाने, आणि मग दुसरं काहीतरी विचारायची. दुपारी आतेने मडक्यातला थंड काजूचा रस दिला. आम्ही तो झाडाखाली बसून प्यायलो आणि पुन्हा बोलत बसलो. उतरत्या उन्हात मी शेवटी म्हटलं, "जावू नको मगे."

तिने डब्यातल्या बिया हाताने सारख्या केल्या. मग म्हणाली, "बाबांचो पाय बघितलंस? उभे रवाक गेले की ओठ दाबतत. त्या पायान किती वर्सां ट्रक हाकतले?" मी बाबांना रोज पाहत होते आणि त्यांचे ओठ मी कधी पाहिले नव्हते.

आई कायमची परत आली ती आणखी बऱ्याच वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर. तोवर बाबांनी ट्रक सोडला होता, आणि पुढे खाणीही बंद झाल्या. आई आता म्हातारी झाली आहे, माझ्याकडेच असते. मोप्याच्या विमानतळावरून उठलेली विमानं आमच्या घरावरून जातात तेव्हा अंगणात उभी राहून बघते, आणि मरियमचा फोन आला तर तासभर बोलते. मरियमचं लग्न झालं, तिला तीन मुलं आहेत. फोटोत तिचे खांदे चांगले अरुंद दिसतात. ती आईशी आमच्याच बोलीत बोलते, थोडी अडखळत, आणि मलाही नमस्कार सांगते. आईला मी कोरगावच्या त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. पण त्यानंतर रविवारच्या फोनवर "जेवलंस?" एवढंच विचारून ती थांबायची नाही. "भूगोलाचे बाई काय म्हणतत?" असं विचारायची, आणि मागून हाक आली तर तिला थांब म्हणायची.

पण ते सगळं पुढचं. त्या उन्हाळ्यात ती ठरल्या तारखेला गेली. उरलेल्या दिवसांत आम्ही रोज दुपारी खेळलो. ती जिंकायची, मी जिंकायचे, आणि तिच्या तोंडून पुन्हा ते नाव गेलं नाही. ती इतकी जपायची की खेळताना मला कुठल्याच नावाने हाक मारेनाशी झाली. जायच्या दिवशी सकाळी बाबा तिला दाबोळीच्या विमानतळावर घेऊन गेले, मी घरी राहिले. जीपमध्ये जागा नव्हती असं काहीतरी कारण होतं. मी भांडी घासली, खिडकीचे गज पुसले, आणि दुपारी टीव्ही लावला. एकटीची शर्यत लावायला हात जाईना. म्हणून दोघींचीच लावली. पडदा दोन भागांत फाटला. वर माझी गाडी, खाली माकडाची. शर्यत सुरू झाली आणि मी निघाले.

दोघांच्या शर्यतीत यंत्राच्या गाड्या नसतात. त्या सबंध डोंगरवाटेवर मीच एकटी. खालच्या अर्ध्या पडद्यावर काहीच हलत नव्हतं. माकड सुरुवातीच्या रेघेवर इंजिन घुरघुरवत उभं, त्याच्यापुढे रिकामा रस्ता. मी पहिली फेरी पुरी करून आले तेव्हा खालच्या चित्रात मागून एक गाडी आली आणि निघून गेली. ती मीच होते. दुसऱ्या फेरीला मी त्याच्याजवळ आल्यावर वेग कमी केला. तिसऱ्या फेरीत रेघ ओलांडली असती तर शर्यत संपली असती आणि मी जिंकले असते. मी रेघेच्या अलीकडे, माकडाच्या गाडीला गाडी लावून थांबले, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. दोन्ही गाड्या तिथे घुरघुरत राहिल्या. त्या रस्त्याचं गाणं संपायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

संध्याकाळी बाबा आले. दारात उभं राहून, चौकटीला धरून त्यांनी वहाणा काढल्या. त्यांचे ओठ दाबलेले होते. पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कोण जिंकला?"

"अजून संपूक नाय," मी म्हटलं.

त्यांनी वहाणा भिंतीशी सरकवल्या. मग म्हणाले, "विमान वेळेर सुटला," आणि लंगडत आत चहा ठेवायला गेले.